खांद्यावरचा हात

"माझ्या बायकोच्या खांद्यावर कुणाच्या तरी हाताचा ठसा आहे," तो माणूस म्हणाला. "तो माझा नाही. कुणाचा आहे, ते शोधून द्या."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. भाऊजींनी आपला उचलला.

बाई पूर्वी रसायनशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर लोकांच्या खासगी भानगडी निस्तरत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर. दंतवैद्यांच्या परिषदेसाठी ते बेटावर आले होते आणि हवापालट म्हणून वहिनींना बरोबर घेऊन आले होते. हवा काही फारशी पालटलेली नव्हती.

समोरच्या माणसाला हॉटेलात सगळे मापसाहेब म्हणत. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तो अधिकारी होता. आल्या दिवशीच त्याने रसाचा पेला कमी भरतो म्हणून मॅनेजरला बोलावून घेतलं होतं.

"नीट सांगा," बाई म्हणाल्या.

"आज सकाळी ती समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवरून पडली. मी खोलीत दाढी करत होतो. गळपट्टीचं हाड मोडलंय, डोक्याला टाके पडलेत. म्हणते, पाय घसरला. पण दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा खांदा उघडा केला, तर पाठीमागून चार बोटं आणि वर अंगठा. फौजदार म्हणतात, मीच धरून ढकललं. दुपारच्या बोटीने मला पलीकडे नेणार."

"आणि तुमचं म्हणणं काय?"

"ज्याचा हात, त्याचा धक्का. तेवढा माणूस शोधा."

"ठसा तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात?"

"दवाखान्यात. डॉक्टरांनी दाखवला तेव्हा."

बोलताना तो हात चोळत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, चहा सांडून वाळावा तसे तपकिरी डाग होते.

"ऊन लागलंय तुम्हाला," भाऊजी म्हणाले. "मलम लावा काहीतरी."

"माझ्या हाताचं राहू द्या हो!" मापसाहेब ओरडला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये पडदा. तरुण डॉक्टरने बाईंना आत नेलं. खाटेवर मापसाहेबांची बायको होती, तिशीच्या शेवटाची असावी. चेहरा सुजलेला, पण बघून हसली.

"लग्नाला बारा वर्षं झाली, ताई," ती म्हणाली. "लग्नानंतर आठवड्यातच सासूबाई अंथरुणाला खिळल्या. जायचं राहूनच गेलं. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून या बेटाचं चित्र चिकटवलं होतं मी. औषध काढताना दिसायचं. त्या गेल्या वर्षी गेल्या. मग म्हटलं, आता तरी."

"इथे कसं वाटलं?"

"तेरवाची दुपार छान गेली. बोटीतून वाळूच्या पट्ट्यावर गेलो होतो. मासे भाजले. ह्यांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकला." ती थोडी लाजली. "मला वाटलं, कुणी बघेल. पण ह्यांनी बराच वेळ काढलाच नाही."

"आज सकाळी?"

हसू गेलं. "पाय घसरला माझा."

डॉक्टरने हलकेच खांदा उघडा केला. ठसा स्पष्ट होता: तपकिरी, कडेला बारीक पुरळ. आणि मधोमध, खांद्यावरून खाली, एक गोरी पट्टी. बोटांचे रंग त्या पट्टीपाशी थांबत आणि पलीकडे पुन्हा सुरू होत.

"दाबलं तर दुखतं?"

"दुखत नाही. कालपासून नुसतं चुरचुरतंय."

"आज अंगात काय होतं?"

"लांब बाह्यांचा, गळाबंद सदरा," डॉक्टरच म्हणाला. "कापावा लागला."

"एवढ्या उकाड्यात?"

"ह्यांनीच काढून दिला सकाळी," ती म्हणाली. "म्हणाले, हाच घाल. नाहीतर बोटीवर तर मी नुसत्या खांदपट्ट्यांच्या झग्यात होते."

बाईंनी डॉक्टरकडून एक जुनी, पुसलेली एक्स-रेची फिल्म मागितली, खांद्यावर धरली आणि ठसा पेनाने गिरवून घेतला.

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, सरळ आहे. हॉटेलातला मालीशवाला. खांदे दाबणं हाच त्याचा धंदा."

मालीशवाला हॉटेलच्या दारातच भेटला. धिप्पाड, आवाज मात्र मऊ.

"बायकांना माझी बहीण मालीश करते, बाई. मी फक्त पुरुषांना. आणि त्या पडलेल्या वहिनी तर आल्याच नाहीत कधी. साहेब आले होते, काल संध्याकाळी. मालीश नको म्हणाले, हात दाखव म्हणाले. हात बघतात ना ते?"

"काय सांगितलं त्यांनी?"

"पंजा रुंद आहे म्हणाले आणि गेले. हे काय भविष्य झालं?"

सरबतवाला छपराखाली लिंबं पिळत होता. हातात रबरी मोजे.

"हे कायम घालता?" बाईंनी विचारलं.

"मॅनेजरचा नियम. दिवसभर या छपराखाली मी, बाई. समुद्राला आलोय हे मला फक्त आवाजावरून कळतं."

"मापसाहेबांनी तुमचाही हात पाहिला?"

"काल संध्याकाळी. मोजे काढायला लावले. बोटं पातळ आहेत म्हणाले. म्हटलं, साहेब, पगारही तसाच आहे."

भाऊजी मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत.

नावाडी दोर सुकवत बसला होता.

"तेरवा? हो, मीच नेलं होतं. मासे आम्ही भाजले, पण लिंबं साहेबांनी पिळली. सगळी. आम्हाला हात लावू देईनात. तुम्ही लोक निम्मा रस सालीत ठेवता म्हणाले. सालीसकट चुरगळून काढली लिंबं! हात कोपरापर्यंत ओले."

"मग धुतले?"

"छे. फडक्याला पुसले आणि जाऊन बसले वहिनींजवळ. भर उन्हात. मी म्हटलं, सावलीला या, तर ऐकेनात. नवं नवं लग्न दिसत होतं."

"आणि काल त्यांनी तुमचाही हात—"

"हो तर! म्हटलं, पोराबाळांचं काय ते सांगा. तर म्हणाले, बोटं आखूड आहेत."

परतताना भाऊजी म्हणाले, "माणसाला भविष्य सांगायचा नाद दिसतो. बाकी काही हाती लागलं नाही."

"त्याला भविष्य नको होतं, भाऊजी. फौजदारांना दवाखान्यात बोलवा. मापसाहेबांनाही."

पडद्याच्या अलीकडच्या खोलीत पाच माणसं दाटीवाटीने बसली. पडद्यापलीकडे खाट होती. बाईंनी आवाज मुद्दाम कमी केला नाही.

"फौजदारसाहेब, या ठशाचा आजच्या पडण्याशी संबंध नाही. आज सकाळी कुणी धरलं असतं, तर मार लालनिळा असता, आणि दाबल्यावर दुखला असता. हा तपकिरी आहे आणि नुसता चुरचुरतो. शिवाय मार कपड्याच्या पट्टीपाशी थांबत नाही. पट्टीखालची कातडीही तितकीच दबते. हा ठसा पट्टीपाशी थांबलाय. आज अंगात लांब बाह्यांचा सदरा होता. पट्ट्यांचा झगा होता तेरवा, बोटीवर."

"मग हा ठसा कसला?" डॉक्टरने विचारलं.

"भाजल्याचा. लिंबाच्या सालीत आणि रसात एक द्रव्य असतं. ते कातडीवर असताना वर कडक ऊन पडलं, तर कातडी भाजते. त्या वेळी काही कळत नाही. दीड-दोन दिवसांनी डाग उमटतो. लिंबाचा हात टेकून उचलला, की तिथे हाताच्या आकाराचा."

"सरबतवाला!" भाऊजी उठलेच.

"बसा, भाऊजी. तो मोजे घालतो आणि त्याला ऊन दिसत नाही."

फौजदाराने वही मिटली. "म्हणजे साहेबांवरचा आरोप गेला."

मापसाहेबाने श्वास सोडला. "मी सांगतच होतो. आता तो माणूस कोण, तेवढं—"

"येते त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "ठसा तुम्ही पहिल्यांदा आज दवाखान्यात पाहिलात, असं तुम्ही म्हणालात. पण काल संध्याकाळीच तुम्ही हॉटेलातल्या पुरुषांचे हात बघत फिरलात. भविष्य कुणालाच सांगितलं नाही. रुंद, पातळ, आखूड. मापं घेत होतात. ठसा पाहिल्याशिवाय माप कशाशी ताडणार? आज सकाळी गळाबंद सदराही तुम्हीच काढून दिलात, ठसा झाकायला."

बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आता मला एवढंच सांगा. फौजदार म्हणत होते, धरून ढकललं म्हणून ठसा उमटला. 'अहो, तो ठसा कालपासूनच होता,' एवढं एक वाक्य तुम्हाला सोडवायला पुरेसं होतं. निर्दोष माणसाने ते आधी सांगितलं असतं. तुम्ही माझ्याकडे आलात, पण ते बोलला नाहीत. का? कारण काल पाहिला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: मग काल रात्रभर तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"माझ्या जागी कुणीही असता तरी..." मापसाहेबाचा आवाज चिरकला. "बारा वर्षं! बारा वर्षांनी तिला घेऊन आलो आणि तिच्या अंगावर परक्या पुरुषाचा हात! मी विचारायचं पण नाही? तुम्ही त्याचं नाव सांगा आधी. बोटीवर कोण होतं तिच्याजवळ?"

बाईंनी फिल्म टेबलावर ठेवली.

"उजवा हात ठेवा यावर."

"माझा कशाला?"

"ठेवा."

त्याने ठेवला. चार बोटं चार रेघांत बसली. अंगठा अंगठ्यावर. बेचक्यातले तपकिरी डाग दिव्याखाली नीट दिसत होते.

"लिंबं तुम्ही पिळलीत," बाई म्हणाल्या. "हात फडक्याला पुसलेत, आणि उन्हात बायकोच्या खांद्यावर टाकलात. बेटावरचे सगळे हात तुम्ही मोजलेत. हा एक सोडून."

मापसाहेबाने हात उचलला नाही. उचलता येत नसावा.

भाऊजी खाली बघत होते. फौजदार खाकरला. "पण बाई, धक्क्याचा पुरावा?"

"धक्क्याचा माझ्याकडे नाही. तो अंगावर खूण ठेवत नाही. मी फक्त कारण सांगू शकते."

पडद्यापलीकडे खाट करकरली. डॉक्टर धावला, पण ती उठत नव्हती, तिने पडदा ओढायला हात लांब केला होता. पडदा सरकला.

"पायऱ्यांच्या वर उभं करून, खांद्याकडे बोट दाखवत ह्यांनी मला विचारलं, 'कुणाचा हात आहे हा?'" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, घरातला हिशेब सांगावा तसा. "मला पाठीचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, थट्टा करतायत. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून मीही हसले. म्हटलं, 'तुमचाच असेल, आणखी कुणाचा?'"

तिने चादर नीट केली.

"ह्यांना वाटलं, मी ह्यांना हसले."

"अगं, मला काय ठाऊक..." मापसाहेब खुर्चीतून अर्धवट उठला. "मला कुणी सांगितलं असतं की लिंबाने असं होतं, तर मी—"

"लिंबाचं मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण मी कुणाला ढकललं नाही."

"मी चुकलो. घरी जाऊन बोलू आपण. सगळ्यांसमोर कशाला?"

"हात सगळ्यांसमोरच टाकला होतात ना?"

तो खाली बसला. बाईंनी फिल्म उचलून डॉक्टरच्या हातात दिली. कुणाला तरी द्यायला हवी होती.

फौजदाराने वही पुन्हा उघडली, पण लिहायला धजेना. "सकाळी तुम्ही पाय घसरल्याचं सांगितलंत, ताई. विचार करून बोला. यांना आज बोटीने न्यावं लागेल. तुम्ही इथे एकट्या पडाल."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र चित्रातल्यापेक्षा फिकट होता.

"पाय कधीच घसरला नव्हता," ती म्हणाली. "लिहून घ्या. आणि यांना न्यायच्या आधी खोलीची किल्ली तेवढी मागून घ्या. आठवडाभराचं आरक्षण आहे. मी राहणार आहे."