शेवटची सरी

आष्ट्यात त्या सकाळी विशेष काही नव्हतं. विजयमाला ओट्यावर रेशनची मिलो ज्वारी निवडत बसली होती. माहेरहून, कुंडलहून, भावकीतला आकाराम आला, सायकल भिंतीला टेकवून दारातच थांबला. तिनं पाणी दिलं, तर तांब्या नुसता हातात धरून राहिला.

"आक्का, चला. आपला कृष्णात... झोपंतच गेला."

झोपेत, हे ऐकून तिला क्षणभर बरंच वाटलं. पुढं त्याच क्षणाची तिला लाज वाटत राहिली.

कृष्णात तिचा पाठचा भाऊ. पलटणीतून परतला तो झोप हरवूनच. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर डोकं जड होई, म्हणून त्यानं त्या सोडल्या. दिवाळीत त्याला ओवाळल्यावर तिनंच उपाय सांगितला होता. डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात उसाला पाणी पाजायचं. एक सरी भरली की खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घालायचं.

"आगं, हिरीत थेंब न्हाई यंदा," तो हसला होता.

"मनातल्या हिरीला कुठला आलाय दुष्काळ?"

उपाय लागू पडला. संक्रांतीला त्याचे गाल भरलेले दिसले. शिमग्याला मात्र तो पुरणपोळी ताटात तशीच ठेवून उठला आणि परड्यात तिच्याजवळ येऊन बसला.

"आक्का, झोप लागती गं. पर शेवटच्या सरीला पाणी पोचतच न्हाई. तितं कोणतरी पाठमोरं हुबं असतंय... 'आण की रं पाणी' म्हणतंय."

बांधालगतची ती सरी. पाण्याची दारं धरता धरता त्यांचे वडील, आबा, तिथंच कोसळून गेले होते.

"तेवढी सोडून येऊ का निघून?"

शेवटची सरी भिजल्याशिवाय रानातून पाय काढायचा नाही, हा आबांचा शिरस्ता.

"कोरडी ठिवून येतोस? आबा काय म्हनतील?" ती गमतीनं म्हणाली. तो हसला नाही. लहानपणी मान हलवायचा तशी त्यानं मान हलवली.

आकारामबरोबर ती कुंडलला पोचली. माजघरात ओल्या मातीचा वास कोंदला होता. कृष्णातच्या बायकोनं, राहीबाईनं, त्याच्या पायांवरची चादर सारली. गुडघ्यापर्यंत काळा, ओला चिखल.

"वन्सं, ह्ये अंथरुणातनं उठलंच न्हाईत वो... मी उंबऱ्याला आडवी झोपल्याली."

गावात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. मळ्यात नुसती ढेकळं होती.

सुतक फिटलं, पाऊसही झाला. पण आता विजयमालाला झोप येईना. बरेच दिवस तिनं तो उपाय टाळला, आणि एका दुपारी डोळे मिटून पाणी सोडलं. झोप लगेच आली. पाणी पुढं सरकत होतं, गार, बिनआवाजी. बांधाजवळ दोघं पाठमोरे उभे होते. त्यातल्या धाकट्याच्या खांद्यावर खोरं होतं.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तोच पाणी तिच्या पावलांना लागलं आणि ती दचकून जागी झाली.

तेव्हापासून रोज उठल्यावर ती आधी मोरीत जाऊन पाय धुते. सुनेनं एकदा विचारलं, आत्याबाई, एवढा चिखल कुठला वो? तिनं पायांवर आणखी एक तांब्या ओतला.

'सोड ती सरी, ये निघून,' एवढंच तिला कृष्णातला सांगायचं होतं. ते अजून राहिलं आहे.