तात्यांनी देऊन टाकलेला शोक

"आता जे सांगतो त्यावर तुमचा बापजन्मात विश्वास बसणार नाही," असं म्हणून जयवंत तांबवेकर खुर्चीतच ताठ व्हायला गेले. डोक्यावरच्या टोपातून निघालेल्या चाळीस तारांनी त्यांना परत मागे ओढलं.

"हलू नका, तात्या," डॉ. नफीसा बागवान पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि सांगूही नका. यंत्राला कान नाहीत. नुसतं आठवा."

"अहो, सांगितल्याशिवाय आठवणार कसं? नट आहे मी!"

"तीन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशीसुद्धा हेच म्हणाला होतात."

तात्यांनी डोळे मिटले आणि वडिलांचं मरण आठवलं. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत मिनिटभर फक्त पंख्याचा आवाज होता. मग डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावरची रेघ उन्हाळ्यातल्या कृष्णेसारखी आडवी, निपचित पडली होती.

"काही नाही?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही."

तात्यांनी आयुष्यभर दोन डगरींवर पाय ठेवले होते. सकाळी तालीम, संध्याकाळी सांगलीत अभिनयाचा वर्ग. त्यामुळे झालं असं, की नटमंडळी त्यांना मास्तर म्हणून बाजूला बसवायची, आणि विद्यार्थ्यांचे आईबाप आपसात कुजबुजायचे की बिचाऱ्याला कामं मिळत नाहीत म्हणून शिकवतो. भूमिका तरी कसल्या? हवालदार, डॉक्टर, नवऱ्या मुलीचा मामा. कधी मरणारा माणूस वाट्याला आलाच, तर तो पहिल्या अंकातच मरायचा आणि तात्या उरलेले दोन अंक विंगेत चहा पीत बसायचे.

अशात अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टर बागवान भेटल्या. त्यांनी 'भावठसा' नावाचं तंत्र काढलं होतं. एका माणसाच्या मेंदूतली खोलवरची भावना उचलायची आणि दुसऱ्याच्या मेंदूत ठसवायची. बाईंना दाता हवा होता, तात्यांना वर्ग चालवायचा होता. बाकीचे मास्तर रडायचं कसं ते शिकवत, तात्यांच्या वर्गात थेट रडूच मिळू लागलं. वर्षभरात गोव्यापासून गोंदियापर्यंतची मुलं सांगलीत खोल्या शोधत फिरू लागली. तीन वर्षांत तात्यांनी अकरा ठसे दिले. भीती दिली, मत्सर दिला, भर सभेत झालेला एक अपमान दिला, गेलेल्या बायकोवरचं प्रेमही दिलं. आता तिच्या फोटोसमोर उभं राहिलं की शेजाऱ्याच्या बायकोचा फोटो पाहिल्यासारखं नुसतं सभ्य वाटायचं.

हे वयोमानानं होत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. मग एकसष्टाव्या वर्षी त्यांना जन्मातली पहिली मुख्य भूमिका मिळाली. एक म्हातारा न्यायाधीश शेवटच्या अंकात आपल्या मेलेल्या बापाची क्षमा मागतो, असं नाटक. पंधरा दिवसांच्या तालमीनंतर दिग्दर्शकानं त्यांना बाजूला घेतलं. म्हणाला, "तात्या, हात छान हलतायत, आवाज छान लागतोय. आत कुणी राहतं का, ते तेवढं बघा." शुक्रवारी रंगीत तालीम होती. तोपर्यंत आत कुणी सापडलं नाही, तर न्यायाधीशाचा झगा दुसऱ्याच्या अंगावर चढणार होता.

म्हणून तात्या आज या खुर्चीत बसले होते. आज मंगळवार.

"मला समजेल असं सांगा," ते म्हणाले. "गेलं कुठं सगळं?"

"गुऱ्हाळ पाहिलंय ना?" डॉक्टर म्हणाल्या. "थंड गूळ ओतता येत नाही. आठवणीचंही तसंच आहे. एरवी ती घट्ट असते. आठवायला लागलं की थोडा वेळ ऊन होते, पातळ होते, आणि पुन्हा थिजते. याला आम्ही 'स्मृतिद्रव' म्हणतो. ती पातळ असते तेवढ्यात आम्ही ठसा घेतो. मला वाटलं होतं, ठसा घेतल्यावर मूळ आठवण जागच्या जागी थिजेल. तसं होत नाही. साच्यात गूळ ओतला की काहील रिकामीच होते."

"मग हे तीन वर्षं कळलं कसं नाही तुम्हाला?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे. दर ठशानंतर मी विचारायची, तात्या, आठवतंय का? आणि तुम्ही इतकं रंगवून सांगायचात की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. मी 'स्मृती शाबूत' अशी नोंद करायची. दाता नट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पण मला आठवतंय हो! सगळं! दुसरा अंक, विंगेतला निरोप, घाट..."

"ती गोष्ट आहे, तात्या. घडलेलं एका जागी साठतं आणि सांगितलेलं दुसऱ्या. तुम्ही हजारदा सांगितलंत, ते शब्द आणि ती चित्रं तुमच्याकडे राहिली. ठशात गेलं ते घडलेलं."

तात्यांनी डोक्यावरचा टोप काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "परत मिळेल?"

"मिळेल. ज्याच्याकडे आहे त्यानं इथं बसून ते आठवायचं. पातळ झालं की उचलायचं, तुमच्यात ठसवायचं. पण मग त्याच्याकडे काही उरणार नाही. वडिलांचा ठसा कुणाकडे आहे?"

"उल्काकडे," तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा हसले. "उल्का आपलीच आहे."

उल्का खोत तासगावची. तात्यांचा पहिला आणि सर्वांत खोल ठसा तिला मिळाला होता, आणि त्या एका शोकावर ती तीन वर्षांत एवढी मोठी झाली होती की या नाटकाच्या जाहिरातीत तिचा चेहरा मोठा होता आणि तात्यांचा टपाल तिकिटाएवढा. न्यायाधीशाची भूमिकाही तिच्या हट्टामुळेच तात्यांना मिळाली होती. "तात्या नसतील तर मी न्हाई," असं तिनं निर्मात्याला बजावलं होतं. तेव्हा ती नाही म्हणेल, असं तात्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

ती नाही म्हणाली.

"तात्या, दुसरं काय बी मागा," बुधवारी तालमीच्या मधल्या सुट्टीत ती म्हणाली. "माझी भूमिका मागा, सोडते. ते तेवढं मागू नका."

"का? नाव जाईल म्हणून?"

"नाव गेलं तर जाऊ दे."

"मग काय? बाप माझा, मेला माझा, रडायचं तू आणि मी तुझ्या तोंडाकडं बघायचं?"

"मी माझ्यासाठी नको म्हणत न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली. चहा तसाच राहिला.

त्या दिवशी तात्यांनी घरी आरशासमोर बापाला चाळीसदा हाक मारली. प्रत्येक हाक वेगळ्या पट्टीत, प्रत्येक बिनचूक. एकीलाही आतून ओ आली नाही. न्यायाधीशाची भूमिका गेली, तर वर्गही जाणार होता; ज्याची पेटी रिकामी आहे हे लोकांना कळलंय, त्या जादूगाराकडे शिकायला कोण येतं? एकसष्ट वर्षांत उभं केलेलं सगळं त्या मुलीच्या कवटीत अडकून पडलं होतं. तात्यांना घाम फुटला. भीती मात्र वाटली नाही. ती नागपूरच्या एका मुलाकडे होती.

गुरुवारी सकाळी नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. तात्यांच्या वर्गाची एक रीत होती. नारळ फुटायच्या आधी तात्या आपल्या वडिलांच्या मरणाची गोष्ट सांगत. प्रत्येक तुकडी ती ऐके, मगच नटराजाला हार पडे. यंदा तात्यांनी उल्काला पाहुणी म्हणून बोलावलं. सोळा नव्या मुलांसमोर, गुरूच्या तोंडून ती गोष्ट ऐकल्यावर ती नाही म्हणूच शकणार नाही, असा त्यांचा डाव होता. शरमेनं तरी देईल.

"आता जे सांगतो," तात्यांनी सुरुवात केली, "त्यावर तुमचा बापजन्मात विश्वास बसणार नाही."

मुलं पुढं सरकली.

"मी सत्तावीस वर्षांचा. इथंच, सांगलीत प्रयोग. नाट्यगृह खचाखच, माणसं पायऱ्यांवर बसलेली. मी फौजदार, ही एवढी झुबकेदार मिशी! दुसऱ्या अंकात विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देण्याऐवजी म्हणतो, जयवंता, तुझे वडील गेले. आता सांगा, काय करायचं? पुढचं वाक्य माझंच आहे, आणि ते विनोदी आहे!"

कुणी हसलं नाही. तात्यांचा आवाज अचूक जागी कापला.

"मी ते वाक्य बोललो. हशा आला. टाळ्या आल्या. दोन अंक मी तसाच हसवत होतो. पडदा पडला आणि मी तोंडावरच्या रंगासकट घाटावर धावलो. चितेला अग्नी दिला तेव्हा मिशी काढायचंसुद्धा भान नव्हतं. धगीनं ती एकेक केस आक्रसत गेली, आणि लोक म्हणाले, पोराचं तोंड भाजतंय, मागे ओढा! मी हललो नाही." ते थांबले. मग उल्काकडे वळले. "हे ज्याचं आहे, त्यानं ते मागितलं तर काय उत्तर द्यावं, ते या मुलांसमोर सांग. उद्या शुक्रवार आहे, उल्का. हात जोडतो तुझ्यापुढं."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. मुलं उल्काकडे बघू लागली. एकीनं तर डोळे पुसता पुसता तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळातला देव चोरला होता.

उल्का उठली.

"खोटं आहे हे, तात्या."

"काय?"

"सगळंच. ठशात नाटक न्हाई. टाळ्या न्हाईत. घाट तर न्हाईच न्हाई. मिशी आहे, तेवढी खरी." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. "मुंबईतलं एक बाकडं आहे. तुमच्या छातीवर त्रेचाळीस नंबरचा कागद लावलाय. फौजदाराच्या भूमिकेसाठी निवडचाचणी होती, मिशी तुम्ही घरूनच लावून गेला होता. सकाळी नऊला गावाकडनं शेजारच्यांचा फोन आला. वडील तुमचं नाव घेतायत, निघा. तुम्ही म्हणालात, एवढा नंबर होऊ द्या. दुपारी दुसरा फोन आला, तेव्हा आत एकतिसावा होता. चार वाजता तिसरा आला. बेचाळिसावा नुकताच आत गेला होता."

तात्यांनी डोळे मिटून बाकडं शोधलं. छातीवरचा कागद शोधला. सापडली ती धगीनं आक्रसणारी मिशी, लख्ख, केसन् केस.

"मी खोटं नाही बोलत गं," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज कुठल्याच पट्टीत नव्हता. "मला असंच आठवतंय."

"असंच आठवणार. खरं माझ्याकडं आहे. आणि ही गोष्ट पहिल्यांदा रचून सांगताना तुम्हाला जी लाज वाटली होती, ती पण त्याच्याच बुडाशी आहे." तिनं पदरानं नाही, मनगटानं डोळे पुसले, अगदी तात्या पुसत तसे. "लोकांना वाटतं, मी रंगमंचावर बाप गेला म्हणून रडते. मी प्रत्येक प्रयोगात तो तिसरा फोन न उचलता कापते, तात्या. ह्या अंगठ्यानं. बोला, देऊ परत?"