मनुबाईकडचा हिरवा लॅकर

श्रीवर्धनच्या कोंडाजीने एक मोडकी मोटार घरीच खटपट करून चालती केली. आता रंग तेवढा उरला होता. हरिहरेश्वरच्या यात्रेकरूंची भाडी मारायची, तर गाडीला रूप हवं. बायको तुळशी म्हणाली, "हिरवी करा. कवळ्या सुपारीसारखी."

बंदरावर होड्यांचा तेलरंग मिळे, पण तो वाळेपर्यंत धूळ धरी. मोटारीला झटपट वाळणारा लॅकरच हवा, आणि त्या काळात तो मुंबईतही सहजी मिळत नसे. उरणचा सदा पेंटर वारल्यावर त्याचे डबे घरीच पडून आहेत, असं कोंडाजीच्या कानावर आलं. तो उरणला गेला.

सदाची बायको मनुबाई हिने काळ्या रंगाचे डबे पुढे केले. मागे एक हिरवा होता.

"त्यो नको," ती हळूच म्हणाली. "त्योच मारीत व्हते. पाऊस व्हता म्हनून दार लावलं, न् वाफ डोक्यात गेली... आमाला दार उघडंना."

कोंडाजीला वाईट वाटलं. पण झाकण काढलं तर आत अगदी तुळशीने सांगितलेलाच रंग! त्याने हिरवाच घेतला.

घरी गाडी गोठ्यात ठेवली होती; दुपारी गोठ्याचं दार सताड उघडं ठेवून तो फवाऱ्याच्या हातपंपाने रंग मारू लागला. पिकल्या केळ्यांसारखा गोड, जड वास भरला. लॅकर बघता बघता वाळला आणि गाडीच्या दरवाज्यावर पांढुरका डाग उमटला. खारी हवा, दमट, असं व्हायचंच. त्याने पॉलिश कागदाने घासून पुन्हा हात दिला. डाग पुन्हा आला. या वेळी त्याला पाच बोटं होती.

कोंडाजी घाबरून वळला, तर गोठ्याचं दार बंद. तो थापा मारू लागला. श्वास पुरेना...

तुळशीने त्याला दंड धरून अंगणात ओढलं.

"दार का लावलंस गं?"

"दार उघडंच हाय," ती पांढरीफटक पडली होती. "तुमी उंबऱ्यात उभं राहून हवेत थापा मारत व्हता."

तो धापा टाकत खाली बसला. तुळशीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप... आत कोन खोकतंय?"

कोंडाजीने झेप घेऊन दार ओढलं आणि बाहेरून अडसर घातला. खोकला थांबला. मग आत रंगाचा पंप चालू झाला. फुस्... फुस्... सरावलेल्या हाताने, सावकाश.