डोळ्यावरची पट्टी

वीज गेली, गच्चीवर मुलं गोळा झाली आणि अण्णांनी सांगायला सुरुवात केली.

आपल्याच नानाखेड्यातली गोष्ट, आणि खरी. सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर, शेवटचा शनिवार, त्यात अमावास्या. दिवेलागणीला शेजारची नंदा, सकाळीच माहेरी धावत आलेली, आमच्याकडे बांबूची टोपली मागायला आली. पहाटे तिची आई, माई, गेली होती. दुपारी घाटावरचं आवरलं. माणूस गेलं तिथे पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा, आणि सकाळी पिठात पाऊल कशाचं उमटलंय त्यावरून पुढचा जन्म ओळखायचा, ही आपली रीत. पण तिच्या भावाच्या, सुहासच्या बंगल्यात रिमोट चार आणि टोपली एक नाही! नंदाचं डोकं तिथूनच फिरलेलं.

सुहासचं फ्रीगंज बाजारात दुकान होतं, घरं शहाणी करणाऱ्या यंत्रांचं. माईच्या खोलीत दाराच्या वर त्याने हालचाल टिपणारा एक डोळा बसवला होता. माणूस पलंगावरून उठला की दिवा लागायचा आणि वर सुहासच्या खोलीत घंटी वाजायची. झालं, माईच्या सोबतीला झोपणारी बाई त्याने काढून टाकली. आईला राखायला यंत्र! नंदा तेव्हाही कडाडून भांडली होती.

"झोपेतच गेली गं," सुहास सांगत होता. "सकाळी मीच पलंगावरून खाली घेतलं. रात्री उठली असती तर घंटी नसती वाजली?"

आंघोळ घालताना नंदाने माईची दोन्ही कोपरं सोललेली पाहिली होती. झोपेत गेलेल्या बाईची कोपरं सोलतात?

रात्री ती माईच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर सतरंजीवर पडली. आत टोपली, समईचा मंद उजेड. कॉलनी चिडीचूप. तीन वाजत आले असतील...

आतला विजेचा दिवा लागला.

नंदा उठून बसली. खोलीत कोणी नाही. टोपली तशीच. आणि वर... घंटी वाजत होती. थांबेचना.

सुहास धडधडत खाली आला. "आत कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग वाजली कशी? मी तर त्या डोळ्यावर पट्टी..."

त्याने जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"बोल. पुरं बोल."

"चार-चार वेळा उठायची गं. नींद हराम झाली होती. मग काळी टेप दातांनी तोडून लावली..."

"तिने हाका मारल्या?"

"वरचं दार बंद होतं."

नंदाने त्याच्या कानाखाली जाळ काढला. "सरपटत आली असेल रे ती दारापर्यंत! आणि तू वर घोरत होतास!"

मग तो स्टुलावर चढला. डोळा उघडा होता. कडेला नुसता डिंक.

"तू काढलीस?"

"माझा हात तरी पोचतो का तिथे?"

"मी नाही काढली, नंदा. कसम से..."

आत कोणी हलत नव्हतं. दिवा मात्र विझला नाही... पहाटेपर्यंत.

उजाडल्यावर नंदाने टोपली उचलली. पीठ सपाट. पाऊल नाही. बोट नाही. रेघ नाही.

मधोमध काळी पट्टी. तिच्या टोकाला दातांनी तोडल्याची खूण... सुहासच्या दातांची.