यादीतलं अठरावं मॉडेल

खोटं वाटेल, पण यातला शब्दन् शब्द माझ्यासमोर घडलाय. रविवार होता. दुपारचे अडीच. पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसात साहेब आणि मी, दोघंच.

आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट सांभाळते. कोणती लिफ्ट कधी तपासली, याची नोंद ठेवणारं ॲप इथेच काम करणाऱ्या माझ्या ताईने लिहिलं होतं. एक लिफ्ट कोसळली. आत मेकॅनिक होता, तो गेला. साहेबांनी सगळं ताईवर ढकललं. "तिच्या ॲपने सूचनाच दिली नाही."

ताईने ते मनाला लावून घेतलं. तीन महिन्यांत हार्ट अटॅकने गेली.

आणि हा माणूस मलाच म्हणतो, "चौकशीवाल्यांना ॲपमधल्या सगळ्या मॉडेल्सची यादी हवीय. दे पटकन काढून."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बसलो. ताईवरचा ठपका पुसणारं काही सापडेल, एवढ्याच आशेवर.

मॉडेल म्हणजे एका प्रकारच्या नोंदीचा साचा. लिफ्टचा एक, मेकॅनिकचा एक. यादी हाताने करायची नसते. चालू प्रोग्रामलाच विचारायचं, बाबा रे, तुझ्या पोटात काय काय आहे? तो घडाघडा सांगतो.

प्रत्येक मॉडेलची एक फाइल असते. फायली सतरा होत्या.

यादीत अठरा नावं आली.

शेवटचं... 'इशारा'.

"ते मी काढायला लावलं होतं!" साहेब मागून ओरडले. मग जीभ चावली.

फाइल शोधली. नव्हतीच. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. पंखा थांबला... आणि ताईच्या टेबलावरून कीबोर्डची टकटक आली.

तिथे कीबोर्ड नव्हता.

पुन्हा अठरा.

"उडव ते! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." साहेब बॅग उचलून तरातरा निघाले.

मी नोंदी उघडल्या. एकवीस इशारे. चार त्या कोसळलेल्या लिफ्टचेच. प्रत्येकापुढे 'पाहिले : साहेब'. नालायक माणूस! सगळं वाचून गप्प बसला होता.

टकटक पुन्हा सुरू झाली... घाईघाईने.

बाविसावी नोंद माझ्यासमोर उमटली. आजची तारीख. आमच्याच इमारतीची लिफ्ट. 'कुणालाही चढू देऊ नका.'

पुढे 'पाहिले :'... आणि माझं नाव.

बाहेर लिफ्टचं दार उघडलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

नाही मारली.

साहेब वाचले. दोन्ही पाय गेले.

एकवीस नोंदी मी चौकशीवाल्यांना दिल्या. ताईवरचा ठपका पुसला गेला. बाविसावी मी काढून टाकली.

त्या माणसावरचा राग अजून तसाच आहे. पण ताई असती, तर तिने त्यालाही ओरडून थांबवलं असतं.

आज दुपारीही तिच्या टेबलावर टकटक चालू होती. मी तिकडे बघत नाही.