शेवटच्या ग्रीनवरचे जळके पाय

"थांबा! पाय ठेवू नका तिथं!"

ढब्बू जागच्या जागी थिजला. गाडीतून उतरून हातपाय मोकळे करायला तो गवतात चार पावलं शिरला होता. थंडीनं दंव गोठून सगळं मैदान पांढरंफटक पडलं होतं.

"बाबांनी पाहिलं असतं, तर तुमची धडगत नव्हती," मुलगी म्हणाली. "पांढऱ्या गवतावर ते स्वतःसुद्धा पाय ठेवत नाहीत. दंव विरेपर्यंत सगळे कामगार शेडमध्ये चहा पीत बसतात."

तिचे बाबा म्हणजे या गोल्फच्या मैदानाचे मुख्य माळी, सगळ्यांचे बापू. व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा तोंडावर आली होती, म्हणून ते अवजारांच्या शेडमध्येच झोपत. काल सकाळी त्यांचं अंथरूण रिकामं सापडलं. पोलिसांनी 'येतील हो' म्हणून वाटेला लावलं, तेव्हा मुलीनं ढब्बूच्या आत्याला गाठलं. आत्या खाजगी गुप्तहेर. ढब्बू तिचा भाचा, मदतनीस आणि ड्रायव्हर. आपण भित्रे आहोत हे तो स्वतःही नाकारत नसे.

ऊन वर आल्यावर मुलीनं त्यांना शेवटच्या ग्रीनपाशी नेलं. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचं, गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत. त्यावर पावलं होती. माती दबलेली नव्हती, चिखल नव्हता. नुसतं गवत पावलांच्या आकारात करपलं होतं.

प्रेक्षकांसाठी उभा राहत असलेल्या स्टँडच्या बाजूनं ती पावलं निघाली होती. झेंड्यावरून सरळ पलीकडे जाऊन सिमेंटच्या वाटेपाशी संपली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं. ग्रीनच्या कडेनं स्टँडचं सामान न्यायला फळ्यांची वाट टाकलेली होती.

"काल दुपारी उमटलं हे," मदतनीस माळी कुजबुजला. बापूंच्या जागेवर त्याचा डोळा आहे, असं सगळे म्हणत. पण आत्ता त्याची दातखीळ बसायची बाकी होती. "बापू गेले हो. आता जळत फिरतायत."

"डावा पाय बाहेर टाकून चालतात बाबा," मुलगी म्हणाली. "ही पावलं त्यांचीच आहेत." आणि ती मटकन खाली बसली.

इथून निघून जावं, असं ढब्बूला मनापासून वाटलं.

मॅनेजर घाम पुसत आला. "कामगार इकडे फिरकायला तयार नाहीत. उद्या आयोजकांची माणसं तपासणीला येणार!"

"त्यांना मैदान कोण दाखवणार होतं?" आत्यानं विचारलं.

"बापूच. स्टँडखाली बुजवलेलं जुनं तळं आहे, जमीन पोकळ आहे, असं सारखे म्हणायचे. स्टँड बांधणारा ठेकेदार म्हणतो, म्हातारा उगाच भुणभुण करतो." मॅनेजरनं मान खाली घातली. "मीही कानाडोळा केला."

ठेकेदार सिमेंटच्या वाटेवर, जुन्या पंपघरापाशी भेटला. पंपघर त्याला सामान ठेवायला दिलं होतं. दाराला कुलूप होतं, आणि दाराला चिकटून एक जनरेटर कानठळ्या बसवत धडधडत होता.

"परवा संध्याकाळी मीच पाहिलं त्यांना!" तो ओरडून म्हणाला. "पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले. लेकीकडे निघालो म्हणाले. त्यानंतर इकडे आलेच नाहीत."

"हा जनरेटर कशाला?"

"स्टँडच्या कामाला!"

पंपघराच्या सावलीत अजून दंव होतं. त्या पांढऱ्या गवतातून करकर बूट वाजवत तो निघाला. मुलगी ओरडली, तसा तो हसला. "गवत ते गवत! त्याचे एवढे काय लाड?"

स्टँडवर सुतार हातकरवतीनं फळ्या कापत होते. आत्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

दुपारी ढब्बू पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला आणि किंचाळला. गाडीच्या दारापासून करपलेली पावलं निघाली होती.

"आत्या! ते माझ्या मागं लागलंय गं!"

आत्या धावत आली. तिनं पावलांकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. "पाय ठेव बघू त्यात."

त्यानं ठेवला. बूट तंतोतंत बसला.

"सकाळी तूच चालला होतास इथून, शहाण्या." पण आत्या हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. "पळ! सगळ्यांना पंपघरापाशी आण. आणि पहार."

सगळे जमले. किल्ली हरवली, असं ठेकेदारानं सांगून टाकलं.

"राहू दे," आत्या जनरेटरच्या वर आवाज चढवून म्हणाली. "गोठलेल्या गवतावर पाय पडला की गवत मरतं. त्या क्षणी काही दिसत नाही, काही तासांनी करपतं. ग्रीनवरची पावलं काल दुपारी उमटली, म्हणजे बापू काल पहाटे तिथून चालले. मग परवा संध्याकाळी गेले ते परत आलेच नाहीत, हे तुम्ही कशावरून सांगितलंत?"

"अंधारात ओळखायला चुकलो असेन."

"ओळखायला? तुम्ही तर त्यांच्याशी बोललात."

ठेकेदार एक पाऊल मागं सरकला.

"पण पांढऱ्या गवतावर बाबा कधीच..." मुलगी म्हणाली.

"कधीच नाही. म्हणूनच मुद्दाम चालले. तपासणीत ते पोकळ जमिनीचं बोलतील, म्हणून हा त्यांना धमकावत इकडे आणत होता. स्वतः कडेच्या फळ्यांवरून आला, म्हणून याचा माग नाही. बापू ग्रीनवरून चालले तेव्हा यानं अडवलं नाही, कारण याच्या लेखी गवत ते गवत. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते खटकणार, हे बापूंना ठाऊक होतं. पावलांची दिशा पंपघराकडे आहे. स्टँडवर काम हातकरवतीनं चाललंय. मग हा जनरेटर काय झाकतोय? ढब्बू, बंद कर तो!"

ढब्बूनं खटका ओढला. मैदानावर एकदम शांतता पसरली. क्षण गेला, दुसरा गेला. मुलीनं डोळे मिटून घेतले.

मग आतून, अगदी क्षीण, दारावर थाप पडली.

ठेकेदार पळू लागला. त्याला सुतारांनीच धरलं. पहारेनं कुलूप तुटलं. बापू गोणपाटावर पडले होते, तोंड बांधलेलं, हात सुजलेले. मुलीनं बोळा काढला आणि त्यांना मिठी मारली.

"उद्या त्या स्टँडवर कुणाला चढू देऊ नका," ते कसेबसे म्हणाले.

मॅनेजरनं लगेच आयोजकांना फोन लावला.

"बाबा, तुमची ग्रीन पार करपली," मुलगी हुंदके देत म्हणाली.

बापूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "करपू दे गं. करपावी म्हणूनच चाललो. येताना पायाखाली नुसतं करकरत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, पोरीला दिसू दे."