तेरा ठोक्यांची संख्या

अकोटजवळच्या मळ्यातल्या विहिरीत महादेवराव गुरुजींचं प्रेत सकाळी सापडलं. काठावर चपला जोडून ठेवलेल्या, शेजारी पांढरी काठी. आंधळा माणूस पाय घसरून पडला, तर चपला काढून पडत नाही. फौजदार संध्या वानखडे यांनी ते आल्याआल्याच ताडलं. प्रश्न एवढाच होता, का?

एका लांबलचक संख्येला गुरुजींनी एकवीस वर्षं दिली होती. उलट वाचा, सुलट वाचा, तीच. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, हे हाताने सिद्ध करायचं. रोजचे दहा भागाकार, पूजेच्या नेमाने. गेल्या वर्षी डोळे गेले, तेव्हापासून शिष्य नितेश लिहून घ्यायचा. काल त्याने संगणकावरून कागद आणला. निकाल होता, संख्या मूळ नाही. शेजाऱ्याने तेवढा निकाल वाचून दाखवला. सांजेला गुरुजींनी सगळ्या वह्या चुलीत घातल्या.

नितेश रडत होता. संगणक खोटं बोलत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

संध्याताईंनी त्याच्याकडचा कागद आणि फोन मागून घेतला, फोन चाळला. मग त्या गुरुजींच्या बायकोकडे, पार्बताबाईंकडे वळल्या. बाईंना अक्षर येत नव्हतं.

"काकू, गुरुजींचा आकडा तुमाले येते का?"

"न याले काय झालं? रोज पहाटे खंजिरीवर म्हनत होते. देवाचं नाव कमी, आकडाच जास्त."

बाईंनी डोळे मिटले. मांडीवर ठोका देत, अभंग म्हणावा तसा त्यांनी आकडा म्हटला. संध्याताईंचं बोट कागदावर सरकत होतं. सातव्या ठोक्याला बाईंनी एकदाच आठ म्हटला. कागदावर आठ दोन होते.

"बाई म्हणतात तेरा अंक, कागदावर चौदा," संध्याताई म्हणाल्या. "नितेश, उलटसुलट सारख्या संख्येत अंकांची मोजणी सम आली, तर तिला अकराने भाग जातोच. मधला आठ दोनदा टाकला की दिसायला तीच संख्या, पण फुटणारच. तू तेच केलंस. कसं फसवलं, ते झालं. आता का, ते तुझ्या फोनमध्ये आहे. काल दुपारीच तू खरी तेरा अंकी संख्या गणिताच्या मासिकाला पाठवलीस. स्वतःच्या नावाने."

नितेशचे डोळे कोरडे झाले. "मी त्याहीले ढकललं नाही. त्याहीचं नाव होऊन काय होनार होतं? वय झालं होतं."

पार्बताबाईंनी विचारलं, निकाल ऐकून गुरुजी काही बोलले होते का.

"भागाकार कोनत्या वर्षी चुकला, एवढंच इचारलं."

"मंग तू काय सांगतलं?"

नितेशने खांदे उडवले.

"पयल्याच."